मुलावर हात उठतो तेव्हा आधी रात्र मोजा

प्रश्न असा आला आहे: "माझा मोठा मुलगा चार वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची. मिस्टर यंत्रमागावर कायम रातपाळीला असतात. सासूबाई आमच्याकडेच आहेत. रात्री मुलं झोपली की मी टॉवेलच्या शिलाईला बसते. धाकटी रात्री तीन-चार वेळा उठते. झोप म्हणाल तर तुकड्यातुकड्यानं चार-साडेचार तास होते, पण त्याची आता सवय झाली आहे. माझा त्रास वेगळा आहे. मोठ्यानं जरा काही सांडलं, हट्ट केला, की माझा हात उठतो. मग तो झोपल्यावर त्याच्या गालाकडे बघून रडत बसते. पूर्वी मी अशी नव्हते. माझ्या स्वभावातच काही बिघडलंय का? त्याच्या मनावर याचा कायमचा परिणाम होईल का?"

ताई, 'माझा त्रास वेगळा आहे' असं तुम्ही लिहिलंत, तिथं मी थांबले. तो वेगळा नाही. तुमची चार-साडेचार तासांची झोप आणि उठणारा हात ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. तुम्ही दोष स्वभावात शोधताय. मी तुम्हाला आधी रात्र मोजायला सांगणार आहे.

सोलापुरात मी पंचवीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. त्यातली पहिली काही वर्षं मी आयांना मुलाविषयी सगळं विचारायचे. जेवतो का, शी कशी होते, लसी झाल्या का, रात्री झोपतो का. 'तुम्ही काल किती झोपलात?' हे मात्र विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

एका मे महिन्यातल्या दुपारी एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "मॅडम, लई हट्टी झालाय. काय बी म्हणलं की नुसता रडायलाय. मला तर आता मारल्याशिवाय ऐकतच नाही." मुलगा माझ्या टेबलाखाली बसून पेनचं टोपण फरशीवर गरगर फिरवत होता. मी फाइलमध्ये लिहीत होते. खोली एकदम शांत झाली म्हणून वर बघितलं, तर बाई बसल्या जागी झोपल्या होत्या. पर्स मांडीवर, मान एका बाजूला. मुलानं टोपण सोडलं, उठून आईपाशी आला आणि एका बोटानं तिची पापणी हळूच वर करून बघायला लागला, आई आत आहे का ते. बाई दचकल्या आणि त्यांचा हात सरळ वर गेला. मुलगा तेवढ्यात दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसलासुद्धा. त्याला ते पाठ होतं.

त्या हातात राग नव्हता. अर्धवट झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचा हात होता तो. बाईंना काय झालं ते कळलं आणि त्या रडायला लागल्या. मी विचारलं, रात्री झोप झाली का? "काल पाण्याचा दिवस होता की." अडीचला नळ आला, चारपर्यंत बॅरल, हंडे, घागरी भरल्या, पाचला डब्याचा स्वयंपाक. मी मुलाला तपासलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून मी आईच्या रात्रीबद्दल विचारते. वडील आले असतील तर त्यांनाही विचारते, कारण रातपाळीहून परस्पर मुलाला घेऊन दवाखान्यात आलेले बाप मी रोज बघते.

आता 'सवय झाली आहे' याबद्दल. तुम्ही ते मनापासून लिहिलंय, हे मला ठाऊक आहे. पण झोपेच्या बाबतीत माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज फार चुकतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट तरुण माणसांना सलग १४ दिवस रोज ठरावीक तासच झोपू दिलं, कुणाला ४ तास, कुणाला ६, कुणाला ८, आणि रोज त्यांचं लक्ष आणि चपळाई तपासली. ४ आणि ६ तासवाल्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरतच गेली. दोन आठवड्यांच्या शेवटी ती, एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली होती. पण 'किती झोप येतेय' असं विचारलं तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदलत नव्हतं. शरीर घसरत होतं आणि मनाला वाटत होतं की जमतंय. तुमचं 'सवय झाली' म्हणजे हेच. सवय झोपेच्या अभावाची होत नाही, तो जाणवेनासा होतो इतकंच. मोठ्या माणसाला रात्रीला किमान ७ तास लागतात. तुमच्या खात्यावर रोज अडीच-तीन तासांची उधारी चढतेय आणि तीही नऊ महिने.

यात रागाचा भाग कसा येतो ते सांगते. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला की पहिली घंटा तो वाजवतो. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग त्या घंटेकडे बघून ठरवतो की हे खरंच संकट आहे की नुसतं दूध सांडलंय. २००७ साली मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रात्र जागवलेल्या माणसांना त्रासदायक चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. नीट झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात हा भाग सुमारे ६० टक्के जास्त खवळलेला दिसला, आणि पुढच्या भागाशी असलेला त्याचा धागा सैल झालेला होता. घंटा जोरात वाजत होती आणि 'थांब, बघू दे' म्हणणारं माणूस जाग्यावर नव्हतं.

हे तुमच्या स्वयंपाकघरात आणून बघा. चार वर्षांचं मूल पेला दोन्ही हातांनी धरून चालतं, नजर पेल्यावर असते, पाय उंबऱ्याला लागतो, दूध सांडतं. या वयात हे होणारच. ७ तास झोपलेली आई म्हणते, "अगं बाई! आण फडकं." चार तास झोपलेल्या आईला तेच दूध सांडलेलं दिसत नाही, मुद्दाम सांडवलेलं दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या बोलण्यात हा शब्द फार येतो: मुद्दाम. "मुद्दाम करायलाय, मॅडम." "मला बघून मुद्दाम रडतंय." मी हा शब्द ऐकला की मनात नोंद करते. कारण बहुतेक वेळा ती आई झोपेची मारलेली निघते. थकलेल्या मेंदूला मुलाच्या चुकीत हेतू दिसायला लागतो, आणि हेतू दिसला की शिक्षा आपोआप येते. तुमचा हात त्या दुधासाठी उठत नाही, तुम्हाला दिसलेल्या हेतूसाठी उठतो, आणि तो हेतू तिथं नसतो.

पण मारणं, ओरडणं हे या गोष्टीचं फक्त दिसणारं रूप आहे. दुसरं एक रूप आहे ज्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही. आई कोरडी होते. मूल कागदावर काहीतरी रेघोट्या मारून आणतं, "आई, बघ, रेल्वे!" आई "हं" म्हणते. डोळे उघडे, चेहरा बंद. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईनं बाळाशी आधी नेहमीसारखं हसायचं-बोलायचं, आणि मग काही मिनिटं त्याच्याकडे बघायचं पण चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळं आधी हसून बघतात, हात पुढे करतात, आवाज काढतात, आणि आईकडून काहीच येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतात, रडतात. त्या प्रयोगात आईला तसं करायला सांगितलेलं होतं. आपल्या घरात अपुरी झोप तेच करवून घेते. इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लहान मुलांच्या तीनशेहून अधिक आयांच्या मनगटाला झोप मोजणारी यंत्रं लावली आणि घरी जाऊन त्या मुलांशी कशा वागतात तेही बघितलं. ज्यांची झोप कमी किंवा अनियमित होती, त्यांच्या वागण्यात कौतुक, प्रतिसाद, आपुलकीचं बोलणं कमी दिसलं. तुमच्या मुलाला चापट लक्षात राहील असं तुम्हाला वाटतं. मला त्या 'हं'ची जास्त काळजी वाटते, कारण ते दिवसात चाळीस वेळा होतं.

आणि तिसरं रूप, सगळं सोडून देणं. "घे मोबाइल, पण रडू नको." दटावायलाही ताकद लागते. किशोरवयीन मुलांच्या घरांत इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात हेच दिसलं. अपुरी झोप मिळणाऱ्या आयांचा कल मुलांना जास्त ढील देण्याकडे होता. म्हणून काही घरांत एकाच आईकडून सकाळी मार आणि संध्याकाळी बिनशर्त मोबाइल मिळतो. मुलाला यातून नियम कळत नाही, फक्त आईची वेळ बघायची सवय लागते.

याला एक उलटा फेराही आहे. पेन स्टेट विद्यापीठाचे डग्लस टेटी यांनी घराघरांत, झोपवण्याच्या वेळी, कॅमेरे लावून बघितलं. आई बाळाला झोपवताना किती वेळ घालवते यापेक्षा ती त्या वेळी मनानं किती हजर असते, याचा बाळाच्या रात्रीच्या झोपेशी जास्त संबंध दिसला. म्हणजे दमलेली आई मुलाला घाईनं, चिडून झोपवते, मूल अस्वस्थ झोपतं, रात्री उठतं, आई आणखी दमते. तुमची धाकटी तीन-चार वेळा उठते त्यात थोडा वाटा याचा असू शकतो. पण हे तुमच्या माथी मारायला सांगत नाही. फेरा कुठूनही तोडता येतो, आणि सगळ्यात सोपा तो मोठ्या माणसाच्या झोपेपाशी तुटतो, कारण नऊ महिन्यांच्या बाळाला आपण समजावू शकत नाही. मोठ्यांना समजावता येतं.

आणखी एक गोष्ट, तुम्ही स्वतःला एकटं समजू नये म्हणून. जर्मनीत हजारो आई-बापांची वर्षानुवर्षं माहिती घेऊन २०१९ मध्ये एक अभ्यास आला. पहिलं मूल झाल्यावर सुरुवातीच्या तीन महिन्यांत आयांची झोप दिवसाला साधारण एक तासानं घटते, बापांची सुमारे पाव तासानं. मूल चार ते सहा वर्षांचं होईपर्यंतही दोघांची झोप पहिल्यासारखी होत नाही. सगळ्या सुखसोयींच्या देशातली ही गोष्ट. तिथं रात्री नळाची वाट बघावी लागत नाही, पत्र्याखाली मे महिना काढावा लागत नाही, डझनावर मजुरी मिळणारी शिलाई रात्री दहाला सुरू होत नाही. मग इथं काय होत असेल याचा हिशेब कुणी केला नाही तरी मी तो रोज समोरच्या खुर्चीत बघते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कायमचा परिणाम होईल का? अधूनमधून झालेल्या चुकीचा, जी आई नंतर सावरून घेते, तिचा होत नाही. रोजच्या माराचा होतो. मारानं मूल शिस्त शिकत नाही, भीती आणि मारणं शिकतं, आणि काही वर्षांनी तेच धाकट्या बहिणीवर करून दाखवतं. म्हणून हात थांबायलाच हवा, यात मी सूट देणार नाही. झोप हे कारण आहे, परवानगी नाही. पण आजवर जे झालं ते भरून काढता येतं. फक्त ते त्याच्या झोपलेल्या गालाकडे बघून होणार नाही, जागं असताना त्याच्या डोळ्यांकडे बघून व्हायला हवं. खाली बसा, त्याच्या उंचीवर या आणि म्हणा, "आईनं तुला मारलं. ते आईचं चुकलं. दूध सांडलं म्हणून मारायचं नसतं. दुखलं का तुला?" एवढंच. 'पण तू तसं केलंस म्हणून' हे शेपूट लावू नका, त्यानं सगळं वाया जातं. एका आईनं हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिचा मुलगा तिला म्हणाला, "आई, तुला झोप आलीय का?" चार वर्षांच्या मुलाला जे कळलं होतं ते घरातल्या तीन मोठ्या माणसांना कळलं नव्हतं.

हात उठतोय असं वाटेल त्या क्षणासाठी एकच गोष्ट ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी विचार सुचत नाही, ठरवलेलंच होतं. मुलापासून दोन पावलं मागे या, दाराबाहेर जा, तोंडावर पाणी मारा. कडेवर धाकटी असेल तर तिला पाळण्यात किंवा जमिनीवर अंथरुणावर उताणी ठेवा आणि मग बाहेर जा. ती रडेल. पाच मिनिटं रडल्यानं बाळाला काही होत नाही. पण रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, आजोबा-मामांनासुद्धा. आणि झोपेनं डोळे मिटत असताना बाळाला घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर बसू नका, तिथं डोळा लागला की बाळ दबून गुदमरण्याचा धोका असतो.

मग आता मुख्य गोष्ट, रात्रीची वाटणी. आपल्याकडे घरात भाकरी कोण करणार, दळण कोण आणणार, हे ठरलेलं असतं. झोप मात्र ज्याला जेवढी सापडेल तेवढी, आणि आईला सगळ्यात शेवटी उरलीसुरली. माझ्या मते ही चूक तुमच्या एकटीच्या हातानं सुधारणारी नाही. म्हणून पुढचा भाग सासूबाईंना आणि मिस्टरांना वाचून दाखवा.

सासूबाई, तुम्ही तुमची चार-पाच मुलं वाढवली असतील आणि 'आम्हाला नव्हतं का जागरण' असं तुमच्या मनात येईल. होतं. पण तेव्हा घरात दोन जावा, नणंद, एखादी आत्या असायची आणि बाळ या कडेवरून त्या कडेवर जायचं. सुनेच्या वाट्याला आज ते हात नाहीत, तुमचेच दोन आहेत. तुमच्याकडून मला फक्त रात्रीचे पहिले चार-पाच तास हवेत. सून नऊला धाकटीला पाजून झोपेल. नऊ ते दोन या वेळात बाळ उठलं तर आधी तुम्ही थोपटा, कडेवर घ्या, चमच्यानं दोन घोट उकळून गार केलेलं पाणी द्या. नऊ महिन्यांचं, वरचं जेवण नीट खाणारं, वजन चांगलं असलेलं बाळ रात्री प्रत्येक वेळी भुकेनंच उठतं असं नाही. खरंच भूक असेल आणि राहीना तर उठवा सुनेला, पाजू दे, त्यात काही बिघडत नाही. दोननंतर ती बघेल. सलग पाच तास आणि नंतरचे तुकडे मिळून सातच्या जवळ जातं. सलग झोपेला फार किंमत आहे. तुकड्यातुकड्यांची बेरीज सारखी आली तरी शरीराला तेवढा आराम मिळत नाही.

मिस्टरांसाठी. रातपाळीच्या माणसाची झोप मला माहीत आहे. सकाळी घरी आल्यावर कानात मागांची खडखड तशीच असते, बाहेर ऊन चढत असतं आणि शरीराचं घड्याळ म्हणत असतं की ही उठायची वेळ आहे. म्हणून दिवसाची झोप रात्रीपेक्षा नेहमीच तोकडी आणि उथळ राहते. तुमची झोपही घरानं जपायला हवी. खिडकीवर जाड चादर दुमडून लावा, सोलापुरात तिला कमी नाही. पंखा पूर्ण, कानात कापूस, फोन दुसऱ्या खोलीत. आणि मोठ्याला सकाळी अंगणवाडीत पाठवा. नाहीतर काय होतं, चार वर्षांचा मुलगा सकाळपासून दुपारपर्यंत 'गप्प बस, पप्पा झोपलेत' एवढंच ऐकतो. एका खोलीच्या घरात मूल सहा तास दाबून ठेवलं की ते संध्याकाळी उसळणारच, आणि ते बरोबर आईच्या थकव्याच्या वेळेला उसळतं. गाडीवरून घरी येताना एक लक्षात ठेवा. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा मंद होतो, हे ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये मोजून झालंय. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पाळीला जायच्या आधी तासभर झोपून निघा.

आणि उठल्यावर, चार ते सात, दोन्ही मुलं तुमची. चौकात न्या, गच्चीवर न्या, शेंगा सोलत बसवा, काहीही. त्या वेळात ताई शिलाई करतील. हाच बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: रात्री नऊनंतर मशीन बंद. यात थोडी मजुरी बुडेल, सुरुवातीला तरी. मी ते लपवत नाही, आणि डझनभर टॉवेलच्या मजुरीत घरात काय काय येतं हेही मला कळतं. तरीही तीन आठवडे करून बघा म्हणते. अर्धवट झोपेत वाकडी गेलेली शिलाई उसवायला जो वेळ जातो, तो या हिशेबात कुणी धरत नाही.

पाण्याची रात्र वेगळी धरायची. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी अवेळी आलं तर झोपमोड टळत नाही. पण दोन गोष्टी हातात आहेत. पहिली, सगळ्या घरानं उठायचं नाही. एका गल्लीत मी बघितलंय, तीन घरांनी पाळी लावून घेतली. ज्याची पाळी त्यानं नळाचा आवाज ऐकायचा आणि बाकीच्यांना उठवायचं. इतर दोन घरं निदान 'आलं का, आलं का' म्हणून अर्ध्या झोपेत पडून राहत नाहीत. दुसरी, पाण्याच्या रात्रीनंतरचा दिवस आधीच हलका ठरवून ठेवायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असेल तर दही. मुलाला जेवण्यावरून, अंघोळीवरून त्या दिवशी ताणायचं नाही. दुपारी त्याच्याबरोबर वीस-तीस मिनिटं आडवं व्हायचं. आणि संध्याकाळी सातनंतर मुलाच्या कुठल्याही चुकीचा निकाल लावायचा नाही. "उद्या बघू" म्हणायचं. उद्या बहुतेक वेळा बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

उन्हाळ्याबद्दल थोडं. झोप लागायला शरीर आतून जरा गार व्हावं लागतं. पारा ४३ च्या वर गेलेल्या दिवसानंतर स्लॅब रात्री बारापर्यंत भट्टीसारखा तापलेला असतो. झोपण्यापूर्वी हातपाय ओल्या फडक्यानं पुसा, पायावर ओलं फडकं ठेवा, शक्य असेल तर गच्चीवर मच्छरदाणीत झोपा. चहा दुपारी चारनंतर बंद, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही अंगात असतो. मोबाइलबद्दल मी ओरडणार नाही. मुलं झोपल्यावरचा तो अर्धा तास अनेक आयांना दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ वाटतो आणि ते खरं आहे. फक्त तो वेळ संध्याकाळी मिस्टर मुलं बघत असताना घ्या, झोपेतून कापून नको.

एवढं करूनही तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर कारण दुसरं असू शकतं आणि ते डॉक्टरनं शोधायचं आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं की थकवा येतो, आणि लोह कमी असलं की रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, झोप मोडते. घरात कुणी मोठ्यानं घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर तोही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आणि हे नीट वाचा: बाळ झोपलेलं आहे, घर शांत आहे, सासूबाई बघतायत, तरीही तुम्हाला झोप लागत नाही, रोज रडू येतं, कशात मन लागत नाही, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं, तर हे नुसतं जागरण नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं, आणि ते औषधानं, बोलण्यानं बरं होतं. शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर रात्री-अपरात्री कधीही फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर मात्र वाट बघू नका, त्याच तासाला घरात सांगा आणि दवाखाना गाठा.

सुरुवात कशानं करायची? भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. रोज सकाळी त्या तारखेच्या चौकटीत रात्रीच्या झोपेचे तास लिहा, अंदाजानं चालेल. पाण्याची रात्र असेल त्या तारखेला गोल करा. आणि संध्याकाळी, त्या दिवशी मोठ्यावर हात उठला असेल तर एक टिंब द्या. ओरडण्याला टिंब नको, नाहीतर पहिल्या आठवड्यातच लिहिणं सुटेल. एका आईचं असं कॅलेंडर माझ्याकडे आलं होतं. महिन्यात अकरा टिंबं होती, त्यातली आठ गोल केलेल्या तारखेला किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी रोज वाईट नाही." तिच्या नवऱ्यानं ते पान हातात घेऊन गोल मोजले आणि पुढच्या सुट्टीची रात्र स्वतःच्या नावावर लिहून टाकली.

तुमच्या पानावर पहिले काही दिवस टिंबं असतील, त्यानं खचू नका. एकवीस दिवस झाले की ते पान तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना सासूबाईंना बरोबर घ्या, मिस्टरांच्या सुट्टीचा दिवस बघा, आणि पाण्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका.